माशांसाठी अझोला: लाल पडला तर आधी मूळ बघा

गोराईच्या आमच्या वाडीतल्या तळ्यात रोहू आणि चिलापी आहेत. पेंड महागली, आणि जवळा दळून केलेलं खाद्य माशांना घालणं मला कधीच पटलं नाही. समुद्रातली मासळी संपवून तळ्यातली वाढवायची, याला काय अर्थ? म्हणून अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक नेच्याची जात.

एक गोष्ट आधीच सांगतो. ‘अझोल्यात २५ टक्के प्रथिनं’ असं जिथे तिथे वाचाल, पण तो आकडा वाळलेल्या अझोल्याचा. ताज्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. किलोभर ताज्या अझोल्यातून माशाला जेमतेम पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. खाद्य बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मी पाव हिस्सा कमी केलंय, त्यापुढे जात नाही.

दोन मीटर लांब-रुंद, वीतभर खोल खड्डा, त्यात सिलपॉलिन (जाड प्लास्टिकचा कागद). चाळलेली माती १०-१५ किलो, शेण २ किलो, सुपर फॉस्फेट ३० ग्रॅम, वर १० सेंटिमीटर पाणी. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घ्या. उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचं पाणी नकोच, खारटपणा अझोल्याला सोसत नाही. बियाणं म्हणून किलोभर ताजा अझोला पसरा. पंधरवड्यात वाफा भरतो.

अडतं ते यापुढे. पहिल्याच मे महिन्यात माझा अझोला विटेसारखा लाल झाला. जो तो म्हणाला, खत कमी पडलं. मी शेण ओतलं, दोन दिवसांत पाण्याला घाण वास सुटला आणि अख्खा वाफा कुजला. कारण होतं ऊन! पुढच्या नोव्हेंबरात शेडनेटखाली असूनही पुन्हा लाल झाला. तेव्हा मात्र खरंच स्फुरद (फॉस्फरस) कमी होतं.

रंगावरून निदान करूच नका. चिमटीभर अझोला उचला आणि तळहातावर उलटा करा. मुळं नेहमीसारखी असतील, आणि सावलीतल्या कडेचा अझोला हिरवा राहिला असेल, तर उन्हाचा त्रास आहे. ५० टक्क्यांचं शेडनेट लावा, संध्याकाळी पाण्याची भर घाला. रोपं बारीक, हात लावताच तुटणारी आणि मुळं केसांच्या गुंत्यासारखी लांबलेली असतील, तर स्फुरद हवं. २० ग्रॅम सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून घाला. कोरडे दाणे वरून फेकू नका. एरवीही दर पाच दिवसांनी एवढंच फॉस्फेट आणि किलोभर शेण लागतं. युरिया कधीच नको. अझोल्याच्या पानातल्या पोकळीत निळं-हिरवं शेवाळ राहतं, ते हवेतला नत्र (नायट्रोजन) धरून देतं. स्फुरद मात्र तुम्हालाच द्यावं लागतं.

काढणी रोज करा, अर्धा किलोपर्यंत. हिरवागार गालिचा मोडवत नाही हे मला कळतं, पण थरावर थर चढला की खालचा कुजतो आणि वरच्यालाही घेऊन जातो.

काढलेला अझोला शेणाचा वास जाईपर्यंत धुवा. तळ्यात पाइपची तरंगती चौकट सोडून त्यातच टाका, म्हणजे किती खाल्लं ते दिसतं. दुपारपर्यंत उरलेला काढून घ्या. तळंभर पसरू दिलात तर रात्री माशांना प्राणवायू कमी पडतो.

दर दहा दिवसांनी वाफ्यातलं पाव पाणी बदला, जुनं केळींना घाला. पावसाळ्यापूर्वी वाफ्याच्या कडेला भोक पाडून जाळी बसवा, नाहीतर जुलैच्या एका रात्रीत सगळा अझोला वाहून गटारात जातो.