रिव्हेट मारताय? आधी या चुका टाळा

पुण्याच्या बोहरी आळीत, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात जाऊन नुसतं 'चार पॉइंट आठचं पॉप रिव्हेट द्या' म्हणालात, तर हातात अ‍ॅल्युमिनिअमचंच पाकीट पडणार. (पॉप रिव्हेट म्हणजे पोकळ रिव्हेट: आतला खिळा गनने ओढला की मागची बाजू फुगते, पत्रे आवळले जातात आणि खिळा तुटतो. ४.८ म्हणजे त्याचा मिलिमीटरमधला व्यास.) दुकानदाराला काय दोष द्यायचा? कशाला काय जोडायचंय, हे तुम्ही सांगितलंच नाही.

मागे कात्रजच्या एका वडापाववाल्या काकांची गाडी आमच्या भोसरीच्या शेडमध्ये आली. काउंटर ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, पत्रा एक नंबर, आणि जोड सगळे अ‍ॅल्युमिनिअम रिव्हेटचे. एकच पावसाळा गेला होता. प्रत्येक डोक्याभोवती पांढरी भुकटी. मी नखाने टोकरलं, तर एक डोकं टपकन हातात आलं. काका म्हणाले, "अरे, माल चांगला घेतला होता!" माल चांगलाच होता. पण दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी शिरलं, की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. इथे झिजणारं अ‍ॅल्युमिनिअम. त्यात समोर स्टेनलेसचा एवढा मोठा पत्रा आणि रिव्हेट चिमूटभर, म्हणून ते भराभर संपलं. रोज रात्री गाडी धुताना मीठ-चटणीचं पाणी जोडांत शिरायचं, ते वेगळंच.

माझी सवय सोपी आहे: पत्रा ज्या धातूचा, रिव्हेट त्याच धातूचं. स्टेनलेस घेताना आतला खिळाही स्टेनलेसचा आहे ना, ते विचारा. लोखंडी खिळ्याचा तुटका तुकडा आत राहतो आणि पहिल्या पावसात तांबडे ओघळ सोडतो. आणि ४.८ चं स्टेनलेस स्वस्तातल्या हातगनने ओढायला जाऊ नका, मनगट दुखेल आणि गनही जाईल. लांब दांड्यांची गन आणा.

अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांचं तर विचारूच नका. पत्र्यासारखं करकचून ओढायचं आणि भोकापासून तडा गेला की शीटला शिव्या घालायच्या! मऊ बाजूला रुंद डोकं ठेवा, फुगणारी बाजू धातूकडे. उलटंच मारावं लागलं तर मागे वॉशर. भोक जरा सैल ठेवा, उन्हात प्लॅस्टिक धातूपेक्षा जास्त फुगतं.

चामड्याच्या पट्ट्याला पॉप रिव्हेट नको. तांब्याचं भरीव रिव्हेट, वॉशर आणि हातोडी.

४.८ ला ४.९ चा ड्रिल, फार तर ५ चा. साडेपाचचा 'चालतंय की' म्हणून लावलात तर रिव्हेट भोकात फिरत बसेल.

कडेपासून भोकाचं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी हवं.

लांबी अंदाजाने घेऊ नका. पाकिटावर किती जाडीला चालतं ते छापलेलं असतं, पण नव्या पोरांना पाकीट वाचायलाही वेळ नसतो. मी दोन्ही पत्रे क्लॅम्पमध्ये दाबून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावतो आणि आधी भंगारातल्या तुकड्यावर एक रिव्हेट मारून बघतो.

काकांच्या गाडीची जुनी रिव्हेटं ड्रिलने उडवण्यातच आमची अख्खी दुपार गेली. मजुरीत काकांनी घासाघीस केली, वडापाव मात्र मोजून आठ पाठवले.