अ‍ॅलर्जीचा नाकातला स्प्रे आणि डोळ्यांचे थेंब नीट कसे वापरायचे

शिंका, चोंदलेलं नाक, खाजणारे डोळे, या त्रासाची माणसं हमखास सांगतात की स्प्रे मारून पाहिला पण काही फरक नाही. किती दिवस मारला विचारलं तर दोन दिवस, तेही नाक बंद झालं तेव्हाच. अहो, फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्टिरॉइड स्प्रे असे अधूनमधून मारून चालत नाहीत, ते नाकातली सूज हळूहळू उतरवतात, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज मारावा लागतो. त्रास ठराविक सीझनलाच होत असेल तर सीझन सुरू होण्याच्या दोनेक आठवडे आधीच चालू करा. स्टिरॉइड शब्दाला घाबरू नका, यातलं औषध रक्तात अगदी थोडं जातं. मात्र काचबिंदू असेल किंवा लहान मुलाला द्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी चूक मारण्यात होते. आधी नाक शिंकरून मोकळं करा, बाटली हलवा, नवी असेल तर फवारा नीट येईपर्यंत हवेत दाबा. मग मान किंचित पुढे झुकवायची, मागे टाकायची नाही, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचं म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने राहतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर तो कोरडा पडतो आणि रक्त येतं. श्वास हळू घ्या, जोरात ओढलंत तर औषध घशात उतरतं.

झटपट नाक उघडणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनवाले थेंब वेगळे बरं का. तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत, नाहीतर ते बंद करताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्यातच अडकतो.

डोळ्यांसाठी ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेनचे थेंब चांगले, खाज काही मिनिटांत कमी होते. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका, बाटलीचं टोक कुठे लागू देऊ नका, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबा म्हणजे औषध नाकात वाहून जात नाही. दुसरं औषध टाकायचं असेल तर पाच मिनिटं थांबा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा आणि पंधरा मिनिटांनी घाला. आणि प्लीज डोळे चोळू नका, चोळल्याने आणखी हिस्टामिन (खाज आणणारं शरीरातलंच रसायन) सुटतं नि खाज वाढतच जाते, त्यापेक्षा गार पाण्याची घडी ठेवा.

स्टिरॉइडचे डोळ्यांचे थेंब मात्र कुणाचे उरलेले, कुणी सुचवलेले म्हणून अजिबात टाकू नका, डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो, ते डोळ्यांच्या डॉक्टरांनीच द्यायचे. दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, पू येणं यातलं काहीही असेल तर थेंब बदलत बसू नका, त्याच दिवशी दाखवून या.