पावसातला किनारा, गाडीतला मुक्काम: विजयदुर्ग ते रेडी

लग्नसराई संपली की माझं शिवणकामाचं दुकान थंड पडतं. त्या दिवसांत आम्ही दोघं नवरा-बायको आमची मारुती ईको व्हॅन काढतो आणि कोल्हापुरातून गगनबावड्याच्या रस्त्याला लागतो. झोपायचं गाडीत, रांधायचं गाडीशेजारी, आणि विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सिंधुदुर्गचा किनारा धरून हळूहळू खाली उतरायचं. मे महिन्यात याच रस्त्यावर गाडी उभी करायला जागा नसते. जुलैत मिठबावच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आम्ही आणि गावची कुत्री, एवढेच असतो. मला तो किनारा तसाच आवडतो, आणि तो नीट बघता यावा म्हणून हे सगळं लिहिते आहे.

कधी निघायचं

पावसाळा सगळा सारखा नसतो. जूनचा पहिला पंधरवडा सोडून द्या. मान्सून येताना वारा बेभान असतो, विजा असतात, झाडं पडतात. जुलैत पाऊस सलग लागतो. ज्यांना दिवसभर गाडीत बसून समुद्र बघायला आवडतो त्यांनी जावं. श्रावण चांगला, तासाभराचं ऊन मिळतं आणि कपडे वाळतात. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि गणपतीचे दिवस मात्र जाऊ नका. चाकरमानी गावी आलेले असतात, घरं भरलेली असतात, अशा वेळी कुणाच्या दारात जागा मागणं बरं दिसत नाही.

माझ्या मते सगळ्यात उत्तम काळ पितृपक्षाचा. पाऊस उतरलेला असतो, डोंगर हिरवेगार असतात, होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात आणि पर्यटक अजून यायचे असतात. नवं कापड तेव्हा कुणी शिवायला टाकत नाही, त्यामुळे मलाही सोयीचं. परतीच्या पावसाच्या विजा तेवढ्या सांभाळायच्या: दुपारी ढग काळे झाले की सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळावरून, खाली यायचं.

घाट दिवसा उतरा. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांतला कुठला चालू आहे हे निघायच्या दिवशी सकाळी विचारून घ्या. दरड आली की एका रात्रीत रस्ता बंद होतो. धुक्यात हेडलाइट डीपरवर ठेवा, आणि उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. खाली साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर इंजिन बंद करून चहा टाका. आम्ही तेच करतो. पुण्या-मुंबईकडून सागरी मार्गाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे या फेरी वादळी हवेत बंद ठेवतात, तेव्हा लांबचा वळसा हिशेबात धरूनच निघा.

तिथी बघून मुक्काम

या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. आमच्या डॅशबोर्डवर पंचांगाचं कॅलेंडर असतं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आसपास भरती आणि पहाटे तीनच्या आसपास दुसरी. मधे सहा-सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, मालवणकडे भरती काहीशी आधी येते, म्हणून मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून ताडून बघायचं. पण रेंज गेली तरी हा हिशेब डोक्यात राहतो.

आता हाच हिशेब पौर्णिमा-अमावास्येला लावून बघा. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे उधाणाची सगळ्यात मोठी भरती येते ती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास, आपण गाढ झोपेत असताना. पुढचे दोन दिवसही तीच तऱ्हा. दक्षिण कोकणात पाण्याची चढ-उतार मुंबईपेक्षा बरीच कमी असते हे खरं, पण पावसाळ्यात त्या भरतीवर लाटा स्वार होऊन येतात आणि संध्याकाळी कोरडी दिसलेली जागा रात्री पाण्याखाली जाते. याउलट अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, तीही लहान, भांगाची. दुपारी ओहोटी, पुळण मोकळी, पाय दुखेपर्यंत चाला. म्हणून आमची सहल नेहमी अष्टमीच्या आगेमागे बसवलेली असते, आणि पौर्णिमा-अमावास्येला आम्ही किनारा सोडून आतल्या गावात असतो.

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट रोज बघा. त्यासोबत हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते, तोही बघा. कधी कधी आभाळ स्वच्छ असतं आणि दूरच्या वादळाच्या लाटा येऊन धडकतात, तेव्हा नुसत्या पावसाच्या अंदाजावर भागत नाही.

गाडी कुठे लावायची

पुळणीवर कधीच नाही. एक तर बंदी असते, गुन्हा दाखल होतो. दुसरं म्हणजे पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, किनारा अरुंद आणि उभा होतो. डिसेंबरात जिथे गाडी सहज फिरते तिथे जुलैत वाळू उरलेली नसते. खाडीच्या तोंडाशी तर रुपण असते, वरून घट्ट आणि आत लापशी. ईकोची ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मागून रुतली की सुटका ट्रॅक्टरनेच. सुरूच्या बनातही मी गाडी घालत नाही, मुळांजवळची वाळू आतून पोखरलेली असते.

देवबागची पट्टी फार सुंदर आहे, एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र. पण उधाणात तिथली घरंसुद्धा धास्तावलेली असतात. दिवसा जाऊन या, मुक्कामाला तारकर्ली किंवा मालवण गाठा.

मुक्कामाच्या खऱ्या जागा तीन: जांभ्याचा कातळ, देवळाचं आवार, आणि कुणाच्या घराचं खळं, म्हणजे अंगण. कातळावर चिखल होत नाही पण वारा फार, म्हणून तिथे फक्त शांत हवेत राहायचं. देवळात पुजाऱ्यांना किंवा समितीच्या माणसाला विचारायचं, आणि मासळी शिजवायची नाही.

खळ्यासाठी आम्ही दुपारी चारच्या आत गावात पोचतो. वाण्याच्या दुकानातून काहीतरी घेतो आणि तिथेच विचारतो, "रात्री गाडी लावायला कुणाच्या दारात जागा मिळेल का?" ऑफ सीझनला माणसांना बोलायला वेळ असतो. दुकानदार एखाद्या पोराला सोबत पाठवतो, पोरगा काकींना हाक मारतो, काकी आधी माझ्याकडे बघतात मग गाडीकडे. बाई बरोबर आहे म्हटल्यावर अर्धं काम झालेलं असतं. मिठबावात अशाच एका काकींनी मला पहिली सूचना दिली: "गाडी माडाबुडी लावू नकात हां, चुडत पडात." माडाची ओली झावळ टपावर पडली तर टप बसतो, नारळ पडला तर काच. फणस आणि जुने आंबेही तसेच. दार उघडून आभाळाकडे बघायचं. डोक्यावर काही दिसलं की गाडी हलवायची.

जागेचे पैसे कुणी घेत नाही, आणि हातावर ठेवले तर राग येतो. आम्ही जेवण सांगतो आणि त्याचे पैसे देतो, किंवा त्यांच्याकडचे आगळ (कोकमाचा रस), कोकम, उकडे तांदूळ विकत घेतो. न्याहरी-निवास चालवणारे काही जण पावसाळ्यात नुसत्या बाथरूमचे आणि पार्किंगचे पैसे घेऊन गाडी आत लावू देतात. दोन-तीन दिवसांतून एकदा तसं केलं की अंघोळ, कपडे, मोबाइल सगळं मार्गी लागतं. मोठ्या मुक्कामाला गावच्या पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

ओल

पावसात गाडीतल्या मुक्कामाचा खरा शत्रू आतली ओल. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, काचा बंद असतात, सकाळी गादीखाली पाणी. उपाय माझ्या धंद्यातलाच आहे. पुढच्या दोन्ही दारांना मी जाळीचे मोजे शिवलेत. दाराच्या वरच्या भागाचा कागदी नमुना काढायचा, चारी बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवायची, आणि बाहेरच्या-आतल्या दोन्ही बाजू बारीक नायलॉन जाळीच्या कापायच्या. वरच्या तीन कडा शिवून खाली इलास्टिक. दार उघडायचं, वरून मोजा चढवायचा, दार लावायचं. मग काच चार बोटं खाली केली तरी डास नाहीत आणि केमरं, म्हणजे बारीक चिलटंही नाहीत. दोरा पॉलिएस्टरचाच घ्या, सुती दोरा एका पावसाळ्यात कुजतो. वर दाराला व्हायझर बसवलेला असला की सरळ पाऊस आत येत नाही. समोरासमोरच्या दोन काचा उघड्या हव्यात, एक उघडून उपयोग नाही.

गादी कापसाची नको. फोमची घ्या, आणि खालच्या फळीला मुठीएवढी भोकं पाडून घ्या म्हणजे खालून हवा लागते. अंथरायला पॉलिएस्टरची पातळ चादर. गोधडी एकदा भिजली की आठवडाभर वाळत नाही. रेनकोट, छत्री, चपला आत आणायच्याच नाहीत. टपाच्या कॅरिअरला 12 बाय 9 फुटांची ताडपत्री बांधून दुसरं टोक दोन बांबूंवर तिरकं घेतो, ओलं सगळं त्याखाली. झोपताना ताडपत्री सोडून गुंडाळायची; रात्री वारा फिरला तर ती बांबूसकट उडते.

पलंग सुटा ठेवा. आमची खोकी आणि फळ्या काढल्या की गाडी होती तशी होते. सीट कायमची काढणं, टप उंच करणं, पत्रा कापणं याला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ज्यांना तयार कॅरॅव्हॅन भाड्याने हवी त्यांनी नोंदणी आणि परवाना बघूनच घ्यावी. राज्य सरकारचं 2021 चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आहे, त्यामुळे भाड्याच्या कॅरॅव्हॅनही आता दिसतात.

सोलरवर पावसात विसंबू नका. 12 व्होल्टची 100 एएचची (अँपिअर-तासाची) लिथियम बॅटरी आणि गाडी चालताना ती भरणारा 20 अँपिअरचा चार्जर आम्हाला पुरतो: 20 वॉटचा पंखा दहा तास चालला तर 200 वॉट-तास जातात, आणि तासभर गाडी चालली की साधारण तेवढेच परत येतात. गॅस पाच किलोचा, आणि शेगडी नेहमी बाहेर, ताडपत्रीखाली. कितीही पाऊस असला तरी बंद गाडीत शेगडी पेटवू नका, जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

खाणं आणि बघणं

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताट भरून सुरमई मागू नका, मिळाली तर बर्फातली असते. खाडीतले शेवटे मासे, आणि मुळे, खुबे या शिंपल्या मागा. सुका बांगडा आणि गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोलंबी, घेऊन ठेवा. आणि पावसाळी भाज्या! टाकळा, कुर्डू, फागलं (कर्टुलं), अळू. उकड्या तांदळाची पेज, वर फागलांची भाजी आणि भाजलेला सुका बांगडा असं जेवण उन्हाळ्यातल्या कुठल्याही हॉटेलात मिळत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तो मालवणच्या धक्क्यावरूनच बघायचा. विजयदुर्गात मात्र जमिनीवरून चालत जाता येतं, आणि तटावर लाटा फुटताना बघायच्या तर पावसाळ्यातच. तटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, रबरी चपला घालू नका. कुणकेश्वरला श्रावणी सोमवार सोडून जा. निवतीच्या किल्ल्यावरून दोन्ही बाजूंचा किनारा दिसतो. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, ती मिठागरं पावसात पाण्याखाली असतात, पण बांधांवरून चालता येतं. पाण्यात कुठेही उतरू नका, गुडघाभरसुद्धा. या दिवसांत ओढ किती आहे ते वरून दिसत नाही आणि किनाऱ्यावर जीवरक्षक असतीलच असं नाही.

गाडीची काळजी

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. खाऱ्या ओलीत मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना जांभ्याचे दगड लावा. निघताना ते काढून बाजूला ठेवा, वाटेत सोडू नका. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन, दारांच्या बिजागऱ्यांना तेल. पेट्रोल देवगड, मालवण, वेंगुर्ला इथे टाकी अर्धी असली तरी भरून घ्या. कचरा सगळा परत कोल्हापूरला.

घरी आल्यावर त्याच दिवशी गाडी खालून धुवायची. पावसाने वरचा पत्रा धुतला जातो, पण चाकांच्या कमानीत आणि चासीच्या खाचांत मीठ आणि वाळू तशीच बसलेली असते. गोड्या पाण्याचा पाइप आत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत मारायचं, मॅट उचलायचे, पत्र्यावर हात फिरवून ओल लागते का बघायचं आणि चारी दारं उघडी टाकून पंखा लावायचा. जाळ्या धुऊन, पूर्ण वाळवून, मगच घडी करायच्या.