घरगुती वीज-ऑडिटचं काम कसं शिकावं: सुरुवात मीटरच्या दिव्यापासून

वीज-ऑडिट म्हणजे घरात वीज कुठे किती जाते ते मोजून बचतीचे उपाय सुचवणं. आयटीआय झालेली, वायरिंगमध्ये हात बसलेली मुलं विचारतात, "घरांचं वीज-ऑडिट करायचंय, कोणती परीक्षा देऊ?" मग कोणीतरी त्यांना बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या) एनर्जी ऑडिटरच्या परीक्षेला बसायला सांगतं. परीक्षा चांगलीच आहे, चार पेपरांची आहे, पण तिचा रोख बॉयलर, भट्ट्या, कॉम्प्रेसर आणि मोठ्या मोटारींवर आहे. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यामुळे ठरावीक मोठ्या ग्राहकांच्या मागे ऑडिट लागलं, ती माणसं तयार करण्यासाठी ती आहे. पुढे कारखान्यांत जायचं असेल तर जरूर द्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटचं बिल ३५० युनिटांवर का गेलं, हे शोधायला मात्र ती लागत नाही. त्याला मोजण्याचा सराव लागतो. अट एकच: डीबी (घरातली सगळी सर्किटं जिथून निघतात ती पेटी) किंवा स्विचबोर्ड उघडायचा असेल तर तारतंत्री (वायरमन) परवाना हवाच. नसेल तर परवाना असलेल्या माणसाला सोबत न्या.

प्लगला लावायचा वॉटमीटर, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि वही घ्या. मागच्या १२ महिन्यांची बिलं आधीच मागवून ठेवा.

आता खरं काम. घरात कोणी काही वापरत नसताना किती वीज जाते, हे सगळ्यात आधी काढायचं. बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि थेट "एलईडी लावा, एसी २४ वर ठेवा" सांगून मोकळे होतात. तेवढं सांगायला घरी कशाला जायचं? मलाही सुरुवातीला हाच टप्पा जड गेला, कारण तो नीट शिकवणारं कोणी नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, हे मीटरच्या पाटीवर छापलेलं असतं. पुष्कळ घरगुती मीटरांवर ३२०० असतं, पण प्रत्येक वेळी वाचूनच घ्या. ३२०० असेल तर हिशोब सोपा आहे: ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, आले वॉट. एका लुकलुकीवर भरवसा ठेवू नका. एक लुकलुक दिसली की घड्याळ सुरू करा, ती शून्य धरा, पुढच्या दहा मोजा आणि ११,२५० ला एकूण सेकंदांनी भागा. दहा लुकलुकींना ९० सेकंद लागले तर १२५ वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला ३ युनिटं, महिन्याला ९०. महावितरणच्या दराचा पहिला टप्पाच १०० युनिटांचा आहे, हे ध्यानात घ्या.

सोसायटीत मीटर तळमजल्यावर असतात, म्हणून दोन माणसं लागतात: एक मीटरपाशी, एक वर डीबीपाशी, फोन चालू. घर रात्री झोपताना जसं असतं तसं ठेवायला सांगा, पण पंखे आणि एसी बंद. फ्रिजही तेवढ्यापुरता बंद करा आणि त्याचं दार उघडू देऊ नका. फ्रिज चालू ठेवलात तर कॉम्प्रेसर कधी चालू, कधी बंद, आणि आकडा हाती लागत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी विचारा, गेल्या काही तासांत वीज गेली होती का? गेली असेल तर बॅटरी चार्ज होत असते आणि सगळं मोजमाप वाया जातं. दुसऱ्या दिवशी या.

मग डीबीतला एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा स्विच) पाडत जा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा. कुठल्या सर्किटवर आकडा घसरतो ते कळलं की त्या खोलीतले प्लग काढून बघा. सेट-टॉप बॉक्स हमखास सापडतो. रिमोटने बंद केला तरी तो जवळपास तेवढीच वीज घेतो. शेवटी मेन स्विच बंद करा. आता दिवा लुकलुकायचा थांबलाच पाहिजे. काही मीटरांवर भार नसताना तो नुसता जळत राहतो, त्याला घाबरू नका. गळती दाखवणारा दिवा वेगळा असतो, त्याची गल्लत करू नका. मेन बंद असूनही लुकलुक चालूच असेल तर मीटर आणि घर यांच्यामध्ये काहीतरी वीज घेतंय. सील अजिबात न छेडता घरमालकाला वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्यायला सांगा.

क्लॅम्पमीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) लावून अँपिअरला २३० ने गुणणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. स्वस्त एलईडी दिव्याचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॉट किती, हे प्रमाण) ०.५ च्या आसपास असू शकतो, म्हणजे तुमचे वॉट खऱ्याच्या दुप्पट निघतील. घरगुती बिल खऱ्या वॉटवर येतं.

फ्रिज वॉटमीटरवर पूर्ण २४ तास ठेवा, तासाभराच्या मोजणीला अर्थ नाही. पंखे मोजा: जुना ७५ वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा) ३० च्या आसपास, रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं वाचतात. गीझरबद्दल उगाच भीती घालू नका. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. बटण थोडा वेळ जास्त चालू राहिलं यापेक्षा किती बादल्या गरम पाणी वापरलं याचा फरक मोठा. वरचा मजला असेल तर गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा लेप सुचवा.

अहवाल एका पानाचा, तीनच सूचना, कमी खर्चाची आधी. बचतीचे रुपये सरासरी दराने काढू नका. ३४० युनिटं जाळणाऱ्या घराची पहिली ४० युनिटं ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यातून वाचतात, पुढची त्याखालच्या टप्प्यातून. त्यावर १६ टक्के वीज शुल्कही धरा.

पंख्याच्या दुकानदाराकडून कमिशन घेऊ नका. एकदा घेतलंत की तुमच्या आकड्यावर कोणी विश्वास का ठेवावा? फी मोजण्याची घ्या, आणि दोन बिलं आली की परत फोन करून युनिटं विचारा. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, मागच्या महिन्याशी नाही.