हाडं ठिसूळ झाल्यावरची आठवड्याची गोळी: कशी घ्यायची, कुठे चुकतं

ॲलेन्ड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच असते, म्हणून लोक ती सहज घेतात, आणि तिथेच चुकतं. पोटातून या औषधाचा जेमतेम एक टक्का भाग रक्तात जातो. सोबत चहाचा घोट घेतला तर तेवढाही धड जात नाही.

सुरू करण्याआधी कंबरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा खास एक्स-रे) हवा. शिबिरात टाचेला यंत्र लावून जो आकडा देतात, त्यावर औषध सुरू करू नये. डेक्सात टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला घनतेचा आकडा) उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल, तर ते ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्यासोबत रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची झीज-भर दाखवणारं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) तपासून घ्या. ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडली असली, तरी डेक्साचा आकडा असाच खाली येतो. तेव्हा ही कमतरता न भरता गोळी दिली, तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातापायांना मुंग्या आणि पेटके येतात.

ही कमतरता भरायला 60,000 युनिटची पुडी मिळते. ती सहसा आठवड्याला एक, अशी काही आठवडे घ्यायची असते. रोज एक घेणारे निघतातच. मग कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला त्रास.

आता गोळी. वार ठरवून टाका. सकाळी उठल्यावर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर (निदान 200 मिली) अख्खी गिळायची. चावायची, चघळायची नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहा, दूध, दुसरी गोळी काहीही नाही. बसा, उभे राहा, अंगणात फेऱ्या मारा. वाकून केर काढणं तेवढं टाळा, कारण गोळी अन्ननलिकेत परत आली किंवा अडकली तर तिथे जखम होते. गिळताना दुखलं किंवा छातीत नव्याने जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा. अर्धा तास ताठ बसताच येत नसेल किंवा मूत्रपिंड बरंच कमजोर असेल, तर ही गोळी नकोच. वार विसरलात तर आठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या, पुढची नेहमीच्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, दुपारी किंवा रात्री. लोहाच्या गोळीपासून दोन तास, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. आहारातून किती जातं तेही मोजा: 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि दिवसाची गरज 1,000 ते 1,200.

दात काढायचा असेल तर गोळी सुरू होण्याआधीच काढून घ्या. नंतर काढायची वेळ आली तर दंतवैद्याला ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. मार लागलेला नसताना मांडी किंवा जांघ दुखू लागली तर एक्स-रे काढा. पाच वर्षं झाली की गोळी पुढे चालवायची की थांबवायची, हे नव्या डेक्सावरून डॉक्टर ठरवतील.