पोळ्यासाठी प्लास्टरची बैलजोडी घरी रंगवायची तर

माझी पहिली बैलजोडी मी पोळ्याच्या आदल्या रात्री रंगवली होती. सकाळी पूजेला मांडताना नख लागलं आणि वशिंडावरचा रंग पापुद्र्यासारखा निघून हातात आला. आजी एवढंच म्हणाली, "तुले इतली काय घाई शे?"

चूक रंगात नव्हती. प्लास्टर म्हणजे भाजून पाणी काढून टाकलेला जिप्सम. त्यात पाणी कालवलं की तो पुन्हा जिप्सम होतो आणि अर्ध्या तासात घट्ट बसतो. पण घट्ट होणं वेगळं, वाळणं वेगळं. जादाचं पाणी आतच असतं. मे महिन्यात जळगावात वीतभर बैल दोन-तीन दिवसांत वाळेल, श्रावणात मात्र आठवडा धरा. बैल गालाला लावून पाहा. गार लागला तर अजून ओल आहे. घाईने गॅसजवळ ठेवू नका, फार तापलं की प्लास्टर भुसभुशीत होतं.

वाळल्यावर साच्याची शिवण २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. नाकाला रुमाल बांधा, धूळ फार बारीक असते. बुडबुड्यांची भोकं पुट्टीने बुजवा आणि कोरड्या ब्रशने बैल झटका.

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते काम. कोरं प्लास्टर टीपकागदासारखं पाणी ओढतं. ब्रश टेकताच रंगातलं पाणी आत जातं आणि डाग पडतात. म्हणून एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी असं मिश्रण करून दोन पातळ हात द्या. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नको. भिंतीचा ॲक्रिलिक प्रायमर उरला असेल तर तोही चालतो.

रंग ॲक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण ओला हात लागला की पसरतो. ब्रश तीन पुरेत: ६, २ आणि ०. बैलाचे पाय डबल टेपने बाटलीच्या झाकणावर चिकटवा आणि झाकण धरूनच रंगवा.

पहिल्याच खेपेला खिल्लारी करायला जाऊ नका. पांढऱ्यावर प्रत्येक चूक दिसते. आपल्याकडची निमाडी घ्या: तांबूस अंग, त्यावर पांढरे मोठे ठिपके. कुठे हात हलला तर तिथे एक ठिपका वाढवायचा, कोण मोजतंय!

आधी सगळं अंग तांबूस, दोन पातळ थरांत. मग ठिपके, मग झूल. शिंगांना हिंगुळाचा लाल, खुरांना काळा. घागरमाळेचे मणी ब्रशने काढत बसू नका. आगपेटीच्या काडीचं टोक पिवळ्या रंगात बुडवून टेकवत जा, सारखे येतात. वेसण आणि डोळे शेवटी. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळलात तर बैल तिरळा होतो. दोन्हीकडचा पांढरा आधी, मग दोन्ही बुबुळं, मग त्यात पांढरा बारीक टिंब. तो टिंब पडला की बैल बघायला लागतो.

एक दिवस थांबून पाण्यात मिसळणारं वॉर्निश लावा. झुलीला चकचकीत, अंगाला मॅट.

उरलेलं कालवलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, पाइपात दगड होतो. जोडीही नदीत सोडू नका, मातीच्या बैलासारखी ती विरघळत नाही. कोरड्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवा. पुढच्या श्रावणात शिंगं तेवढी उजळायची.