डीप फ्रीजरचा केग-कूलर करायचाय? आधी प्रोब चिकटवा

डीप फ्रीजरला नळ लावून त्यात बिअरचे केग, म्हणजे स्टीलची पिंपं, गार ठेवायची, तो केग-कूलर. मागच्या वेळी शुक्रवारी रात्री रिकामा केग बदलला आणि सोमवारी सकाळी झाकण उघडलं, तर केगवर बोटभर बर्फ. हलवून पाहिले, आत काही डुचमळेना. दोन केगांतली, घरी बनवलेली ३८ लिटर बिअर, पार दगड. झालं होतं इतकंच, की केग उचलताना तापमानाचा प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) हाताला लागून बाहेर आला आणि फ्रीजरच्या मागे लोंबत राहिला. फ्रीजर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला खोलीतली उबदार हवा दिसत होती, म्हणून तो बिचारा तीन रात्री कंप्रेसर पळवत बसला. प्रोब नुसता आत सोडलेला होता, चिकटवलेला नव्हता. या वेळी नवा फ्रीजर घेतलाय, म्हणून सगळं लिहूनच काढतो.

फ्रीजर घेण्याआधी मोजमाप. साधारण १९ लिटरचा बॉल-लॉक केग (नळीचा कनेक्टर वरून दाबून बसतो तो प्रकार) ६३-६४ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद असतो, पण नुसत्या केगची उंची धरून काही उपयोग नाही. वर कनेक्टर बसतो, त्यातून नळी वळते. कनेक्टर चढवूनच मोजायचं. आत एका बाजूला कंप्रेसरचा उंचवटा असतो, त्यावर केग मावत नाही, तिथे बिअर नळाकडे ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर. पुठ्ठ्याचे गोल कापून तळाला मांडून बघा, कागदावरचं गणित चुकतं. जुना फ्रीजर असेल तर एक रात्र रिकामा चालवून बघायचा. आडवा करून आणला असेल तर उभा ठेवून काही तास थांबल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

आता भिंत. फ्रीजरच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही. नाही म्हणजे नाही, "इथे काही नसेल" असं वाटलं तरी नाही. गार करणाऱ्या नळ्या पत्र्याच्या मागे फिरवलेल्या असतात, बाहेरून दिसत नाहीत. एक भोक पडलं की गॅस गेला, फ्रीजर गेला. बऱ्याच नव्या फ्रीजरमध्ये तो गॅस आयसोब्युटेन असतो, म्हणजे पेट घेणारा. म्हणूनच लाकडाची कॉलर करायची: झाकण आणि पेटी यांच्यामध्ये बसणारी चौकट, बिअरच्या नळांची भोकं तिच्यात. फळी १४ ते १८ सेंटिमीटर रुंद, आणि मुख्य म्हणजे सरळ. वाकडी फळी घेतलीत तर झाकणाचं रबर बसत नाही, फटीतून दमट हवा आत येते आणि महिन्याभरात तळाला पाणी साचतं. चारही कोपरे गुण्यात (काटकोनात) आहेत का, ते कर्ण मोजून बघा. आतून थर्मोकोल, बाहेरून वॉर्निश, पेटीवर सिलिकॉनने चिकटवायची. बिजागरी काढताना सांभाळून, तिच्यात ताणाची स्प्रिंग असते. झाकण पूर्ण उघडं ठेवून, दुसऱ्या कुणाला तरी धरायला लावूनच स्क्रू सोडायचे. बोट मधे आलं तर काय होतं ते मी बघितलंय.

कंट्रोलर. फ्रीजरचा स्वतःचा थर्मोस्टॅट उणे १८ च्या आसपासचा, तो आपल्या कामाचा नाही. बाहेरच्या कंट्रोलरवर ४ अंश, फरक (किती वर गेलं की परत सुरू व्हायचं) १ ते २ अंश, आणि कंप्रेसर परत सुरू व्हायच्या आधी किमान ५ मिनिटांची सक्तीची विश्रांती. ती दिली नाही तर कंप्रेसर सारखा चालू-बंद होऊन मरतो. आणि प्रोब. हवेत लोंबकळत ठेवायचा नाही. केगच्या अंगाला, निम्म्या उंचीवर, पत्र्याला टेकवून ठेवायचा, वर थर्मोकोलचा तुकडा दाबायचा आणि टेप दोनदा गुंडाळायची. मग त्याला बिअरचं तापमान कळतं, झाकण उघडलं म्हणून आत आलेल्या हवेचं नाही. वायरही कॉलरला क्लिपने अडकवा, म्हणजे ओढ बसली तरी प्रोब निघत नाही. रिकामा केग बाहेर काढण्याआधी प्रोब सोडवून भरलेल्या केगला लावायचा. आधी प्रोब, मग केग. हे वाक्य मी झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय.

गॅसचं काम कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. रेग्युलेटरचा (सिलेंडरवर बसून दाब कमी करणाऱ्या झडपेचा) वॉशर बसवायचा, प्रत्येक सांध्याला क्लॅम्प, आणि दाब देऊन साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा दिसला की घट्ट करायचं, परत लावायचं. हे सगळं बिअर आत जाण्यापूर्वी, नाहीतर अख्खा सिलेंडर रातोरात रिकामा होतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो टबात पाणी साचावं तसा पेटीत साचतो. गळतीचा संशय असेल तर झाकण उघडून, खिडकी उघडून थांबायचं. लगेच डोकं खाली घालायचं नाही. सिलेंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला. तो आत गार झाला की रेग्युलेटरवरचा सिलेंडरच्या दाबाचा काटा खाली येतो, तेव्हा गॅस संपला म्हणून घाबरू नका. किती उरलाय ते कळायला वजन करावं लागतं, काटा शेवटपर्यंत सांगत नाही.

नळी ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, प्रत्येक नळाला निदान ३ मीटर. ४ अंशांना गॅसचा दाब १२ पीएसआय (दाबाचं माप) ठेवला की बहुतेक बिअरला पुरेसा फेस येतो. ग्लासात नुसता फेसच पडत असेल तर दाब कमी करत बसू नका, त्याने बिअर हळूहळू मिळमिळीत होते. नळी लांब करा. कॉलरच्या भोकासाठी साधारण २२ मिलिमीटरचा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लागतो, पण आधी शँक, म्हणजे नळाची फळीतून आरपार जाणारी दांडी, मोजून घ्या.

तळाशी गार आणि वर कोमट राहतं, म्हणून एक छोटा १२ व्होल्टचा पंखा. ओल शोषायला सिलिका जेल, अधूनमधून वाळवून परत. नळाखाली ट्रे. केग, नळ्या, नळ सगळं निर्जंतुक करून घ्यायचं, हे सांगायला नको.

पहिल्या रात्री बिअर आत घालायची नाही. एका केगमध्ये पाणी भरायचं, प्रोब त्याला चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळातून पेलाभर पाणी काढून थर्मामीटर बुडवायचा. ४ च्या आसपास आलं, तर बिअर आत. नाहीतर कंट्रोलरला हात लावायच्या आधी प्रोब जागेवर आहे का ते बघा.